चार ते पाच

शिंपीणबाईंनी देवाला दिलेला शब्द कधी मोडला नाही, असं चर्चमध्ये सगळेच म्हणत. नवऱ्याला दिलेल्या शब्दांची चौकशी कुणी केली नव्हती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू लुळी पडली, आणि तेव्हापासून पलंग ते खिडकी एवढंच त्याचं जग उरलं. तिथून तो दिवसातून पन्नासदा बायकोला हाका मारी. चष्मा कुठे गेला, खिडकी लाव, खिडकी उघड, रेडिओवर बोलतोय तो कोण. बाई शिवणयंत्र थांबवून उठायच्या, पुटपुटत जायच्या आणि चष्मा त्याच्याच कपाळावरून काढून त्याच्या हातात द्यायच्या. "तुझ्या देवाकडे एक बदली माणूस माग," तो म्हणायचा, "तुझे गुडघे गेले." झटक्याआधी चर्चला तो यायचा तो बायकोखातर. शेवटच्या बाकावर बसायचा, आणि प्रवचन लांबलं की मनगट कानाशी नेऊन घड्याळ बंद तर पडलं नाही ना ते ऐकायचा. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि हसूही यायचं.

या चर्चची एक रीत होती. कुणी फार आजारी पडलं की प्रार्थनेची साखळी लागायची. दिवसाचे चोवीस तास मंडळीत वाटून दिले जात, एकेकाला एकेक. आपला तास आला की खुर्चीवर बसायचं, आजाऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि तास संपला की पुढच्याला फोन करायचा. त्याने फोन उचलून "घेतलं" म्हटल्याशिवाय जागा सोडायची नाही. साखळी तुटली तर काय होतं, हे पाळकसाहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या मनाने काय ते ठरवून टाकलं होतं, आणि बाईंनी सगळ्यांत वाईट तेच ठरवलं होतं.

त्या खेपेला साखळी लागली ती बालवर्गाच्या शिक्षिकेसाठी. तिशीतली पोरगी, पदरात दोन लहान मुली. ऑपरेशननंतर रक्तात विष पसरलं आणि डॉक्टरांनी हात टेकले. बाईंनी दुपारचा चार ते पाचचा तास मागून घेतला, कारण त्या वेळी घड्याळजी झोपलेला असायचा.

तिसऱ्या दिवशी तो झोपला नव्हता. सव्वाचार होऊन गेले असतील. बाई शिवणाच्या खोलीत दार लावून बसल्या होत्या, आणि पलीकडून हाक आली. त्यांनी डोळे आणखी घट्ट मिटले. थोड्या वेळाने दुसरी हाक आली, पहिलीपेक्षा बारीक. मग काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. काठी पडली असेल, असं बाईंनी स्वतःला समजावलं. चिडला की तो काठी टाकायचाच. त्यांनी शिक्षिकेचं नाव घेतलं, पुन्हा घेतलं, तिच्या मुलींचीही नावं घेतली. पाचला पुढच्या घरी फोन केला. तिथे सुताराची आई होती, तिला आधी ऐकूच आलं नाही. ती "घेतलं" म्हणाली तेव्हा बाई उठल्या.

तो पलंग आणि खिडकी यांच्या मधे पडला होता. अंग अजून ऊबदार होतं.

मुलगी इस्पितळात नर्स होती. ती ड्यूटीवरून तशीच धावत आली, बापाचे डोळे स्वतः मिटले, डॉक्टरांशी बोलली. अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टर कदाचितच्या पुढे कधी जात नाहीत. मग मुलीने आईला एकच प्रश्न विचारला.

"बाबांनी हाक मारली होती का गं?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग तू कशाला मनाला लावून घेतेस," मुलगी म्हणाली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाईंचा हात तिच्या केसांवरून फिरत राहिला. त्या हाताची त्यांना किळस आली.

त्याच रात्री शिक्षिकेचा ताप उतरला.

मग काय, बोलायलाच नको. दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले की पूर्ण हृदयाने देवावर प्रेम करणं म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर या बहिणीकडे पाहा. घरात मृत्यू आला, तरी हिने दुसऱ्याच्या लेकरांची आई वाचावी म्हणून जागा सोडली नाही. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून बाईंना पहिल्या बाकावर बसवू लागले. तरुण आया मुलांना त्यांच्या पुढ्यात आणून म्हणत, "मावशी, डोक्यावर हात ठेवा." जिने नवऱ्याच्या हाकेकडे कानाडोळा केला, तिचा हात या लोकांना लेकरांच्या डोक्यावर हवा होता. आणि घरी त्याच खुर्चीवर बसून बाईंनी प्रार्थनेला तोंड उघडलं की एक शब्द फुटत नव्हता.

मुलीला खरं सांगायला त्या तीनदा बसल्या. तिन्ही वेळा जेवलीस का, एवढंच विचारून उठल्या. मुलगीच तेवढी उरली होती, आणि खरं ऐकून ती उरली नसती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण ती दर रविवारी येऊन "तुझा काही दोष नाही" म्हणायची, तेही आता सोसवत नव्हतं.

दोन महिन्यांनी शिक्षिका इस्पितळातून घरी आली, आणि पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीची उपासना ठेवली. "मावशी, देवाने काय केलं याची साक्ष तुम्ही द्यायची," ते म्हणाले. बाईंनी लगेच होकार दिला. देवाच्या लोकांसमोर उभं राहून तरी आपली जीभ खोटं बोलणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. मुलगी रजा टाकून आली आणि बापाच्या जागी, शेवटच्या बाकावर बसली.

बाई उभ्या राहिल्या. "मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी हाक मारली होती. दोनदा. मला ऐकू आली. मी उठले नाही. माझ्या मुलीला मी नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं."

आता कुणीतरी उठेल, आपल्याला दोन शब्द सुनावेल, निदान तोंड फिरवेल, याची बाई वाट पाहत राहिल्या. त्यासाठीच तर त्या उभ्या राहिल्या होत्या.

पाळकसाहेबांनी मंडळीकडे वळून दोन्ही हात उंचावले. "ऐकलंत?" ते म्हणाले. "आपल्याला वाटलं होतं त्याहून मोठी किंमत हिने दिली. हाक ऐकली, आणि तरी प्रभूला सोडलं नाही."

"आमेन," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. फक्त शिक्षिका गप्प होती. तिने दोन्ही मुलींना जवळ ओढलं आणि खाली मान घातली. आपला जीव कशाच्या बदल्यात आला, हे तिला आत्ता कळत होतं. बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं आणि त्यांना वाटलं, हिला तरी हे सांगायला नको होतं.

"प्रार्थना करू या," पाळकसाहेब म्हणाले. माना झुकल्या, डोळे मिटले. मागचं दार वाजलं.

बाई निघाल्या. चाळीस वर्षांत त्या प्रार्थनेच्या मधून उठल्या नव्हत्या. बाकांना धरत धरत त्या बाहेर आल्या. मुलगी रस्त्याकडेला बसची वाट पाहत उभी होती. तिने आईकडे पाहिलं नाही.

"काय म्हणाले बाबा?" तिने विचारलं. "नेहमीसारखंच, चष्मा वगैरे?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. नेहमीचीच हाक समजून आई बसून राहिली, एवढं मुलीने कधीतरी पोटात घातलं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाव घेऊन हाक मारली."

घड्याळजीने बायकोला जन्मभर 'अगं', 'ऐकलंस का', आणि लाडात आला की 'शिंपीणबाई' अशा हाका मारल्या होत्या. नाव घेतलं होतं ते एकदाच, लग्नात, पाळकांनी वदवून घेतलं म्हणून. मुलीला हे चांगलं माहीत होतं.

"म्हणजे तुला कळलं होतं."

"कळलं होतं."

"पहिल्या हाकेला?"

"पहिल्याच."

मुलीने बस येते का ते पाहिलं. मग म्हणाली, "हे आत नाही सांगितलंस."

"आत सांगितलं असतं तर ते यालाही आमेन म्हणाले असते."

बस आली. मुलगी चढली आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला तोंड करून बसली. आता ती दर रविवारी फोन करते, औषधं घेतलीस का विचारते, आणि उत्तर मिळालं की ठेवून देते. घरी येत नाही.