खाट आणि स्पीकर यांच्या मधली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे आणि खरं सांगायचं तर फार दमले आहे. माझ्या विटांमधली धडधड अजून पुरती गेलेली नाही. भिंतीला कान असतात, असं तुम्ही एकमेकांना दटावून सांगता. असतात बाबांनो, असतात! पण ते मिटून घ्यायची सोय कुणी ठेवलेली नाही, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

मला एका गवंड्याने बांधलं. त्याची बायको खालून विटा फेकायची आणि तो वरच्यावर झेलायचा. मग ओळंबा सोडून, एक डोळा मिटून तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘‘सरळ आहे गं!’’ ती म्हणायची, ‘‘तुमच्यापेक्षा सरळ आहे.’’ मी सरळ आहे हे खरं, पण जाड नाही. घरमालकाने मागच्या बाजूला हात आखडता घेतला. ‘‘तिकडे कोण बघायला येतंय? मागे तर नुसती लाकडाची वखार,’’ असं म्हणून त्याने रस्त्याकडची भिंत दुहेरी विटेची केली आणि मला एकेरी. खिडकीसुद्धा ठेवली नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आपण कशाला कमी पडणार आहोत हे बांधताना कुणालाच कळत नसतं.

मग बरीच वर्षं मी मुकाट काम केलं. एका अंगाला वखार होती, घराच्या बाजूने थेट रस्त्यापर्यंत पसरलेली. तिथे करवत चालायची, भुसा उडायचा आणि दुपारी हमाल माझ्या सावलीत डबे उघडायचे. दुसऱ्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, अडगळीची खोली होती. तिथे मोडका पाळणा, दोन ट्रंका आणि चाक नसलेली सायकल यांची आणि माझी चांगली गट्टी जमली होती. मी ऊन अडवलं, वारा अडवला, पण कुणी कधी ‘शाबास’ म्हटलं नाही. माणसांना भिंतीची आठवण होते ती खिळा ठोकायचा असला म्हणजे. असो.

या घरात एक बाई एकटी राहायची. सारी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई बेकरीत भट्टीवर काम करते. गल्ली झोपेत असताना ती कामाला निघते आणि लोक संध्याकाळी दिवे लावतात तेव्हा ती आपला दिवा मालवते. तिच्या केसांत कायम मैदा असतो. भट्टी कधी तापली आणि पाव कधी काढायचे, हे ती नुसत्या वासावरून सांगते, आणि बेकरीत तिच्या शब्दापुढे कुणाचं चालत नाही. नवरा गेल्यापासून भट्टी हेच तिचं घर, असं ती फोनवर मैत्रिणीला सांगायची.

तिला एक धाकटा भाऊ आहे. आई लवकर गेली, तेव्हा याला ताईनेच लहानाचं मोठं केलं. ती त्याला छोट्या म्हणते. आता छोट्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत येतं, पण नाव काही बदललं नाही. या छोट्याने आधी चपलांचं दुकान काढलं, ते बुडालं. मग लाँड्री काढली, तीही बुडाली. वखार बंद पडली तेव्हा त्याने ती जागा घेतली आणि तिथे पब काढला. अंगणात टेबलं मांडली, झाडांवर दिव्यांच्या माळा सोडल्या आणि मला चक्क रंग दिला! एक चित्रकार शिडीवर चढून माझ्या अंगावर मोठमोठी हिरवी पानं काढून गेला.

मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवायचं, मी हुरळून गेले. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्याकडे तोंड करून ‘‘काय मस्त भिंत आहे!’’ म्हणत होते. मुलंमुली माझ्यासमोर उभं राहून फोटो काढायची. आतल्या अंगाला माझा गिलावा पोपडे धरत होता, पण त्याचा फोटो कोण काढणार? वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी माझी गत झाली होती.

आणि मग छोट्याने स्पीकर आणले. दोन काळे, माणसाएवढे. येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू गेलं पाहिजे म्हणून त्याने त्यांची तोंडं रस्त्याकडे केली. संध्याकाळ झाली की सुरू! गाणी वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण गाणं कितीही चांगलं असलं तरी ते कानात कोंबलं की त्याची मजा जाते. समोरच्या घरात राहणारे एक निवृत्त मास्तर रोज गॅलरीत येऊन ओरडायचे, ‘‘अहो, बंद करा ते!’’ खालून वेटर हात हलवून त्यांना नमस्कार करायचा. त्याला वाटायचं, मास्तर खुशीत आहेत.

ताईची खाट तेव्हा रस्त्याकडच्या खोलीत होती. तिला झोप लागेना. पण भावाकडे जाऊन तक्रार करणं तिच्या जिवावर आलं. ‘‘दोनदा तोंडावर आपटलाय पोरगा,’’ ती मैत्रिणीला म्हणाली. ‘‘आत्ता कुठे बस्तान बसतंय. मीच कशी मोडता घालू?’’ म्हणून एका दुपारी तिने मागची खोली झाडली, ट्रंका एका बाजूला सरकवल्या आणि आपली खाट ओढत आणून मला टेकवून ठेवली. माझ्या पोपड्यांवरून हात फिरवून म्हणाली, ‘‘इथे खिडकीच नाही. इथे कोण कशाला येतंय त्रास द्यायला?’’

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी छोट्या अंगणात येऊन आपल्या आचाऱ्याला काय म्हणाला, ते ऐका. ‘‘स्पीकर फिरव. रस्त्याकडे नकोत. मास्तरांचं सोड, पण माझी ताई तिकडे झोपते. त्या बिनखिडकीच्या भिंतीकडे कर तोंड. तिच्यामागे नुसती अडगळ आहे.’’

ती बिनखिडकीची भिंत म्हणजे मी.

मला ओरडावंसं वाटलं. ‘अरे, कालच खाट आणलीय तिने!’ पण ओरडणार कशी? दोघांच्या मधोमध उभी मी, दोघांचं सगळं ऐकणारी मी, आणि मलाच तोंड नाही. बहिणीने भावासाठी खाट हलवली, भावाने बहिणीसाठी स्पीकर हलवले, आणि एकमेकांना सांगायचं मात्र दोघांनीही टाळलं. प्रेमाची माणसं अशीच मुखदुर्बळ असतात की काय, कोण जाणे.

त्या संध्याकाळी पहिला ठोका माझ्या छातीत बसला आणि थेट ताईच्या उशीत उतरला. एकेरी वीट ती काय अडवणार? मी वारा अडवू शकते, पण ती धडधड माझ्यातून आरपार जायची. माझ्या गिलाव्याचा चुरा तिच्या केसांत पडायचा. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तिच्या केसांत मैदा असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने एकदा गादी ओढत पुढच्या खोलीत नेली. पण पब आता जोरात चालू लागला होता आणि गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली तिच्याच खिडकीखाली लागत होत्या. पुढे हॉर्न, मागे स्पीकर. इकडे आड, तिकडे विहीर! बिचारी गादी घेऊन परत माझ्याकडेच आली.

छोट्या एकदा जिन्यातूनच विचारून गेला, ‘‘ताई, आता लागते ना झोप? मुद्दाम फिरवलेत स्पीकर तुझ्यासाठी.’’

आतून ताई म्हणाली, ‘‘हो रे, मस्त लागते.’’

‘‘मास्तरसुद्धा खूश आहेत. काल सरबत पिऊन गेले.’’

‘‘बरं झालं बाई.’’

तो शीळ घालत खाली गेला. ताई खाटेवर बसली आणि तिने कपाळ माझ्यावर टेकवलं. मला तिच्या कपाळाची ऊब कळली आणि माझी मलाच लाज वाटली.

पुढे पुढे तिचे हाल बघवेनात. ती उभ्या उभ्या पेंगायची. एकदा भट्टीचा चटका बसून कोपरापर्यंत फोड घेऊन आली. आणि एक दिवस तिने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, ‘‘मालक म्हणाले, बाई, अजून एक चूक झाली तर तुम्हाला भट्टीवरून काढून पुढे काउंटरवर बसवीन. तुमच्या हातापायाची जबाबदारी माझ्यावर आहे. काय चुकलं त्यांचं? पण भट्टी गेली तर मी करू काय गं? पिशव्या भरत बसू?’’ एवढं बोलून ती रडली. आवाज न करता रडली. स्पीकर चालू होते, तिने हंबरडा फोडला असता तरी कुणाला ऐकू गेलं नसतं.

आणि ती चूक झालीच. पबमध्ये पाव ताईच्याच बेकरीतून यायचे. त्या संध्याकाळी अंगणात गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली. ‘‘अहो, पाव आहे की कापूस? चवच नाही!’’ आचाऱ्याने तुकडा चाखला आणि छोट्यापुढे धरला. ‘‘शेठ, मीठच नाही यात.’’

छोट्याने चावला, आणि त्याचा चेहरा उतरला. लहानपणी पीठ मळताना तो मीठ विसरला, तर ताई त्याच्या डोक्यात टपली मारून म्हणायची, ‘‘डोकं विसर, पण मीठ विसरू नकोस.’’ ती ताई मीठ विसरली?

तो तसाच अर्धा पाव हातात घेऊन निघाला. त्याच्याकडे किल्ली होती. ती झोपली असेल म्हणून त्याने चपला बाहेर काढल्या. पुढच्या खोलीत पावलं वाजली आणि थांबली. तिथे खाट नव्हती.

‘‘ताई?’’ त्याचा आवाज बदलला होता. ‘‘ताई, कुठे आहेस गं?’’

तो मागच्या खोलीच्या दारात आला. ताई खाटेवर बसली होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून, डोळे टक्क उघडे ठेवून. ट्रंकेवरची पितळी वाटी धडधडीने आपोआप सरकत होती. छोट्याने एकदा वाटीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग पुढे येऊन त्याने माझ्यावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

‘‘खाट इथे कधी आणलीस?’’

‘‘तू स्पीकर फिरवलेस ना,’’ ताई म्हणाली, ‘‘त्याच्या आदल्या दिवशी.’’

‘‘आणि मला सांगितलं नाहीस? मी विचारलं होतं की तुला!’’

‘‘विचारलं होतंस. जिन्यातून.’’ ती चिडली नव्हती. चिडायलाही अंगात जोर लागतो. ‘‘पाव कसा झालाय रे आजचा?’’

त्याने हातातला पाव पाठीमागे लपवला. ‘‘चांगला झालाय.’’

‘‘खोटं बोलू नकोस. घरी आल्यावर आठवलं मला. उद्या मालक भट्टी काढून घेतील.’’

छोट्याने फोन काढला. ‘‘आचारी, बंद कर. हो, गाणी. सगळी. नाचत असतील तर नाचू दे, तू बंद कर!’’

आणि माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. वाटी जागच्या जागी थांबली. ताई म्हणाली, ‘‘अरे, असं एकदम नको, गिऱ्हाईक काय म्ह...’’ आणि वाक्य पुरं व्हायच्या आत, बसल्या बसल्या, माझ्यावर डोकं टेकून ती झोपली.

छोट्या हळूच दुसऱ्या ट्रंकेवर टेकला. खाली लोक टेबलं बडवून ओरडत होते. त्याचा फोन थरथरत होता, तो त्याने मांडीखाली दाबून धरला. ट्रंक करकरेल म्हणून तो उठला नाही, की हललाही नाही. तसाच बसून राहिला आणि बाहीने डोळे पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः बेकरीत गेला आणि ‘चूक माझी होती’ असं मालकांना सांगून आला. भट्टी ताईकडेच राहिली. स्पीकर आतल्या हॉलमध्ये गेले, तेही दारं लावून. काही टोळकी दुसरीकडे गेली. छोट्या अधूनमधून कुरकुरतो, आणि ताई त्याला टपली मारते. माझा गिलावा मात्र कुणी केलेला नाही. माझ्याही अंगात आता पूर्वीसारखा जोर नाही.

मित्रांनो, गाणी लावा, नाचा, तुमचं वयच आहे. पण एखाद्या बिनखिडकीच्या भिंतीकडे स्पीकरचं तोंड करण्याआधी तिच्या पलीकडे जाऊन या. आणि आपल्या माणसाला जिन्यातून विचारू नका. जिन्यातून विचारलं की ‘मस्त आहे’ असंच उत्तर येतं. वर चढा, चपला काढा, त्याच्या खाटेवर क्षणभर बसा. मग कुणी काही सांगायची गरज पडणार नाही.