दारावरचं नाव

त्या महिन्यातलं हे नववं घर. आधीच्या आठ ठिकाणी नाव सांगितलं की समोरचा चेहरा कसा बदलतो, हे रेहानानं पाहिलं होतं. कुणाचा भाचा ऐनवेळी राहायला येणार होता, कुणाला फक्त नोकरदार हवे होते. आपण शाळेत शिकवतो, हे सांगायचंही तिनं पुढेपुढे सोडून दिलं. पण वडाळा गावातल्या त्यांच्या खोल्यांखाली दिवसभर ग्रिलचं वेल्डिंग चालायचं आणि मुलीची, अरिबाची, बारावी तोंडावर आली होती.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतला हा बंगला विमलाबाईंचा. रेहानाच्या नवऱ्यानं, वसीमनं, तो दोनदा रंगवला होता, त्यामुळे ओळख जुनी. एकट्याच खाली राहणाऱ्या बाईंनी वरचा मजला लगेच देऊ केला. खोल्या दाखवताना मात्र त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या, अगदी मायेनं. स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत जा, शेजाऱ्यांना वास चालत नाही. ईदेला पाहुणे बेतानं बोलवा. आणि दारावर पाटी नको, उगीच चर्चा कशाला?

वसीम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. अरिबा गॅलरीत उभी राहून पेरूच्या झाडाकडे बघत होती. कसलाच आवाज नव्हता.

परतताना रिक्षात रेहाना म्हणाली, "तिथं मला घरातही हळू बोलावं लागेल."

"कुठं नाही लागत?" वसीम म्हणाला. तोही थकला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच विमलाबाईंकडे गेली. खिडकी लावून घेईन, पाहुण्यांचंही सांभाळीन, असं तिनं कबूल केलं.

"पण पाटी लावणार, काकू. चोरून राहिल्यासारखं नाही राहायचं मला."

"लोक मला विचारतील गं."

"विचारू देत. भाडेकरू आहेत म्हणून सांगा."

विमलाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बघते म्हणाल्या.

चार दिवस फोन आला नाही. वसीमनं बायकोला बोल लावला नाही. मुकाट्यानं दहाव्या घराची चौकशी सुरू केली. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत रेहानाचा फोन वाजला.

"मुलगा नको म्हणतोय," विमलाबाई म्हणाल्या. "पण घर माझ्या नावावर आहे. या तुम्ही."

रविवारी टेम्पोनं सामान आलं. वसीमनं आधी पाटी ठोकली, तिघांच्या नावांची. समोरचे गृहस्थ फाटकापर्यंत आले, वाचून गेले.

आनंद होईल असं रेहानाला वाटलं होतं. पण अंगात त्राणच उरलं नव्हतं. अर्धी भांडी खोक्यातच ठेवून ती फरशीवर आडवी झाली.

"अम्मी, चादर तरी घालू दे," अरिबा म्हणाली.

"राहू दे," म्हणता म्हणताच तिचा डोळा लागला.