निळ्या काठाचा पेला

कोपर पाण्यात बुडवून नर्सबाईंनी अंदाज घेतला. तळहात फसवतात, कोपर खोटं बोलत नाही, हे त्यांनी प्रसूतीच्या वॉर्डात किती नव्या पोरींना शिकवलं असेल. पाणी बेताचं कोमट होतं. साबण, टॉवेल, धुतलेलं झबलं, सगळं हाताशी होतं. आणि टॉवेलच्या घडीखाली, घरात बघायला कुणी नसतानाही झाकून ठेवलेला, निळ्या काठाचा एनॅमलचा पेला होता.

शेजारच्या फळीवर उताणा पडलेला नातू पायाचा अंगठा तोंडात घालायच्या खटपटीत होता. त्याला घरात सगळे ठोंब्या म्हणत. नाव ठेवलेलं होतं, पण ते अजून त्याच्या अंगाला ढगळ होत होतं. ठोंब्याच्या जांघेत रडताना फुगवटा यायचा. उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन होतं. डॉक्टर म्हणाले होते, अगदी लहानसं आहे, दुपारी घरी न्याल. नर्सबाईंनी स्वतः हेच वाक्य आयुष्यभर लोकांना ऐकवलं होतं. आता त्यांना कळत होतं की लहानसं ऑपरेशन नेहमी दुसऱ्याच्या पोराचं असतं.

लेक नुकतीच बाहेर पडली होती. चपला घालता घालता ती म्हणाली होती,

"आई, मी कामावर जाऊन हातातलं सगळं सोपवून येते. याला अंघोळ घालून ठेवशील ना? स्वच्छ घालायला सांगितलीय. डोक्यावरूनसुद्धा."

"अगं, मला सांगतेस?"

"तसं नाही. मला यायला वेळ लागेल. तू सावकाश कर."

एवढं बोलून ती उंबऱ्यात उगाच घुटमळली, पोराच्या पायाला हात लावला आणि गेली. नर्सबाईंच्या मनात चोर होता, म्हणून त्यांना ते घुटमळणं संशयाचं वाटलं. लेकीला काही कळलंय की काय, अशी धास्ती वाटली. त्यांनी खिडकीतून तिला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं, मग कुठे त्या पेला काढायला कपाटाकडे वळल्या.

ठोंब्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, आणि होणारही नव्हता. लेकीने आणि जावयाने तसं तो पोटात असतानाच सांगून टाकलं होतं. मोठा झाला की त्याचं तो ठरवेल, असं जावई म्हणाला. जावयाला नावं ठेवायला जागा नव्हती. माणूस देवासारखा होता, फक्त देव मानत नव्हता. पण लेक मानायची. एके काळी चर्चच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. मग गाणं शिकवणाऱ्या फादरांचं प्रकरण बाहेर आलं. पोरांना एकेकटं बोलावून ते दार लावून घ्यायचे, हे वरच्यांना ठाऊक होतं. वरच्यांनी काय केलं, तर फादरांची बदली केली आणि दुसऱ्या गावच्या पोरांना गाणं शिकवायला पाठवलं. लेकीची गाण्यातली मैत्रीण त्या पोरांपैकी एक होती. लेकीने चर्चमधून आपलं नाव काढून घेतलं तेव्हा नर्सबाई रडल्या होत्या.

"देवाशी माझं भांडण नाही, आई," लेक म्हणाली होती. "पण तिथे काय चालायचं? दार बंद करायचं, पोराच्या भल्यासाठी म्हणायचं, आणि आईबापांना कळू द्यायचं नाही. त्यांच्या हातात माझं पोर मी देणार नाही."

तिच्यासारखे कितीतरी गेले होते. चर्चमध्ये आता पुढच्या दोन बाकांवर म्हाताऱ्या बायका आणि बाकी सगळी हवा असायची. मागची बाकं एका हॉटेलवाल्याने विकत नेली. शेजारच्या हॉलमध्ये व्यायामाचे वर्ग भरायचे, आणि रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेत, ऐन शांततेत, भिंतीपलीकडून "एक, दोन, श्वास सोडा" ऐकू यायचं. पाववाला तर तोंडावर विचारायचा, "काय नर्सबाई, अजून जाता तिकडे?" जणू त्या जुगाराच्या अड्ड्यावर जात होत्या. त्या हसून वेळ मारून नेत, पण पिशवी उचलताना कान तापलेले असत.

पेल्याची कल्पना चर्चमध्ये बाकावर शेजारी बसणाऱ्या शिंपीणबाईंची. रविवारी त्या नर्सबाईंच्या कानाला लागल्या होत्या.

"मी तर उरकून टाकलं बाई. सून आंघोळीला गेली, मी नातीला घेतलं आणि स्वयंपाकघरात, भांड्यांच्या सिंकमध्येच. पाणी घातलं, शब्द म्हटले, झालं."

"सिंकमध्ये?"

"मग? स्वर्गात थोडा साबणाचा वास येईल तिला, एवढंच. आपल्यातल्या निम्म्याजणींनी असंच केलंय. तू तर नर्स. तुला काय शिकवायचं?"

ते खरं होतं. जीव जात असेल तर फादरची वाट बघायची नसते, हाताशी असेल त्याने डोक्यावर पाणी घालावं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणावेत, तेवढं पुरतं, असा नियमच होता. वॉर्डात त्यासाठी हा पेला एका खिळ्यावर टांगलेला असायचा. बाळ हाती लागत नाही असं दिसलं की मोठ्या सिस्टर नुसत्या डोळ्यांनी खूण करायच्या, आणि नर्सबाई पेला उतरवायच्या. कुणाला विचारायची पद्धत नव्हती. आई गुंगीत असायची, बाप बाहेर बाकावर. वॉर्ड बंद झाला तेव्हा सगळ्यांनी आठवण म्हणून काही ना काही नेलं. नर्सबाईंनी पेला आणला.

ठोंब्या पाण्यात उतरला आणि खूश झाला. त्याने दोन्ही हातांनी पाणी हाणलं. नर्सबाईंनी त्याची मान डाव्या हातावर घेतली, गळ्याच्या वळ्या धुतल्या, बगला धुतल्या, जांघेपाशी आल्यावर हात हलका केला. फुगवटा आता दिसत नव्हता. उद्या याला गुंगी देतील. एवढ्याशा जिवाला गुंगी देणं म्हणजे काय हे त्यांना सगळ्या घरात एकटीला ठाऊक होतं. जे ठाऊक नसतं ते बरं असतं. काही झालंच तर? या एका वाक्यापाशी त्यांचं मन आठवडाभर ठेचकाळत होतं. काही झालंच, आणि पोर असं बिनपाण्याचं गेलं, तर वर गेल्यावर त्या कुणाला तोंड दाखवणार होत्या?

वाऱ्याची झुळूक आली. ठोंब्या शहारला. नर्सबाईंनी पायाने न्हाणीघराचं दार लोटलं आणि सवयीने ओल्या हाताने कडी घातली. कडीचा आवाज झाला.

त्यांनी टॉवेलखालून पेला काढला, टबात बुडवून भरला. शब्द ओठांवर तयार होते. ठोंब्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि दात नसलेलं तोंड भरून हसला. त्याच्या टाळूवर कातडीखाली बारीकसं काही धडधडत होतं. नर्सबाईंची नजर तिथून उठली आणि कडीवर गेली.

दार बंद होतं. पोराच्या भल्यासाठी बंद होतं. आणि त्याच्या आईला कळणार नव्हतं.

त्यांच्या कानशिलात कुणीतरी ठेवून द्यावी तसं झालं. छे, त्याची आणि याची काय तुलना, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. तुलना नव्हतीच. पाणी ते, मायेने घातलेलं पाणी. पण हात पुढे जाईना. कितीतरी वेळ त्या तशाच पेला धरून राहिल्या, पाणी काठावरून मनगटावर ओघळत राहिलं. मग त्यांनी पेला टबात रिकामा केला, ठोंब्याला उराशी धरून गुडघ्यावर हात देत उठल्या, कडी काढली आणि दार सताड उघडं केलं.

"थंडी वाजली तर वाजू दे," त्या ठोंब्याला म्हणाल्या. "तुझ्या आजीला काही जमत नाही बघ."

त्यांना रडू आलं. हरल्यासारखं वाटलं. पोरगं उद्या तसंच ऑपरेशनला जाणार होतं.

लेक वेळ लागेल म्हणून गेलेली, पण ती लवकर आली. ठोंब्या टॉवेलमध्ये गुंडाळलेला होता. तिने पिशवी जमिनीवर टाकली आणि सरळ त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तिथेच राहिला. जावळ कोरडं होतं.

"डोक्यावरून नाही घातलंस?"

"नाही."

"का?"

नर्सबाईंना खोटं बोलायला काही हरकत नव्हती. टाळूला वारं लागलं असतं, असं म्हणता आलं असतं. पण पेला टबात तरंगत होता, निळा काठ वर करून, आणि लेकीने तो पाहिला होता. या घरात लहानाची मोठी झालेली ती, तिला तो कशाचा हे सांगायला नको होतं.

"तुला न विचारता कसं घालू?" नर्सबाई म्हणाल्या. "घालणार होते. खोटं कशाला बोलू. पण कडी घातली आणि मग जमलं नाही."

लेक ओरडेल म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. लेक ओरडली नाही. ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, ऑफिसच्या कपड्यांनिशी, बसली.

"मी कामावर गेलेच नव्हते," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बागेत बसले होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, आई. वाटलं, मी गेले की तू करशील. मला कळायला नको, माझा शब्दही राहील, आणि..." तिने तोंडावर हात फिरवला. "रोज रात्री त्याचा श्वास ऐकत बसते मी. माझा विश्वास नाही त्यातल्या एकाही गोष्टीवर. तरी बसले होते तिथे, तू उरकशील म्हणून."

नर्सबाईंना आधी राग आला. आठवडाभर त्यांनी चोरासारखे दिवस काढले होते, आणि ही बया दार उघडं टाकून गेली होती! मग त्यांनी लेकीच्या हातांकडे पाहिलं. ती बोटं एकमेकांत अडकवून दाबत होती, गाण्याच्या परीक्षेला जाताना दाबायची तशी.

"आता घाल," लेक म्हणाली. "मी आहे इथेच. दार उघडं आहे. याच्या बाबाला मी सांगेन."

देव पावला म्हणतात ते असं. नर्सबाईंनी टॉवेल सोडला, ठोंब्याला परत पाण्यात घेतलं, पेला भरला. डावा हात आपोआप मानेखाली गेला, अंगठा कानामागे. ही पकड हाताला तोंडपाठ होती. आणि हाताला पकड आठवली तशी ती सगळी डोकी आठवली. मुठीत मावणारी, निळसर पडलेली, थंड होत चाललेली. त्यातलं एकही रडत नव्हतं. या पेल्याखालून एकही पोर घरी गेलेलं नव्हतं.

ठोंब्याने हात मारला आणि पेल्यातलं निम्मं पाणी नर्सबाईंच्या तोंडावर उडालं.

"नाही," त्या म्हणाल्या.

"आई?"

"हे पाणी मी आजवर फक्त जाणाऱ्यांना घातलंय गं. याला कशाला घालू? हा उद्या दुपारी माझ्या मांडीवर परत यायचाय." त्यांनी पेला टबाशेजारी ठेवला. "साबण दे इकडे. डोकं धुऊ त्याचं."

लेक रडता रडता हसली, की हसता हसता रडली, ते पाहायला नर्सबाईंना सवड नव्हती. दोघींनी मिळून ठोंब्याचं डोकं साबण लावून खसखसून धुतलं. डोळ्यांत फेस गेल्यावर त्याने असं काही भोकाड पसरलं की पलीकडच्या घरातली खिडकी उघडली. नर्सबाईंना तो आवाज फार बरा वाटला. कानाला चांगला दमदार लागत होता.

संध्याकाळी लेक त्याला निजवायला आतल्या खोलीत घेऊन गेली. नर्सबाईंनी टब पालथा घातला, फरशी पुसली, आणि पेला कपाटात ठेवावा म्हणून हात पुढे केला. पेला तिथे नव्हता. त्यांनी टबाखाली पाहिलं, टॉवेल झटकला, फळीवर हात फिरवला. मग त्यांची नजर खुर्चीवरच्या, दवाखान्यात न्यायच्या बॅगेवर गेली. ती उघडी होती. लंगोटांच्या चळतीखाली ठोंब्याचं एक झबलं गुंडाळून ठेवलं होतं, आणि घडीतून निळा काठ दिसत होता.

आतून लेक पोराशी काहीतरी हळू आवाजात बोलत होती.

"आई," तिने आतूनच विचारलं, "बॅगेत काही राहिलं नाही ना?"

नर्सबाईंनी झबल्याचं टोक काठावर ओढलं, वरून आणखी एक कोरडा टॉवेल ठेवला आणि चेन लावली.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळं घेतलंय."