अनुभवी तरुण

"मुलगा येत नाहीये," ताईनं फोन ठेवला आणि टेबलाची कड घट्ट धरली.

"कुठला मुलगा?" अध्यक्षांनी विचारलं.

"आपला सुटलेला मुलगा हो. नशेतून सुटलेला. आज तोच बोलणार होता ना!"

"का, परत लागलं की काय?"

"लग्न ठरतंय त्याचं. मुलीकडचे म्हणाले, असली भाषणं करत हिंडू नकोस."

अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं. संकट आलं की ते आधी खिशातली रक्तदाबाची गोळी काढत आणि मग विचार करत. आता गोळी झाली, पण विचार काही येईना.

वस्तीतली पोरं नशेच्या नादी लागू नयेत म्हणून शाळा, दवाखाना, पोलीस चौकी, दुकानदार असे सगळे एकत्र आले होते. एकत्र आले म्हणजे फोटोत आले. एरवी समिती म्हणजे एकटी ताई. खोली झाडायची तिनं, अहवाल लिहायचे तिनं आणि पाहुण्यांना चहाही तिनंच द्यायचा. हे सगळं चालत होतं अनुदानावर, आणि अनुदान देणाऱ्या संस्थेच्या मॅडम आज तपासणीला येणार होत्या. त्यांची अट साधी होती. समितीमुळे वाचलेला एक तरी तरुण समोर आणून उभा करा. नाहीतर अनुदान बंद, केंद्र बंद आणि ताईचा पगारही बंद. नवरा गेल्यापासून घर त्या पगारावरच उभं होतं.

तेवढ्यात दारात धडाम आवाज झाला. चित्रकलेच्या मास्तरांनी पथनाट्यासाठी कागदाच्या लगद्याची पुरुषभर उंच सिगारेट बनवली होती. ती दारात अडकली होती.

"तिरकी घ्या, तिरकी!" अध्यक्ष ओरडले.

"तिरकी घेऊनच अडकलीय! आता ढकलली तर मोडेल."

"मग मोडू दे की! व्यसनच आहे ते!"

"तुम्ही बनवली असती तर कळलं असतं," मास्तर घाम पुसत म्हणाले. कोपऱ्यात ताईचा मुलगा भिंतीला टेकून हसत होता. खुर्च्या मांडायला म्हणून तिनं त्याला कॉलेज बुडवून आणलं होतं. मास्तरांची नजर त्याच्यावर थांबली. "ताई, भाषणाला हा काय वाईट आहे? वाळलाय तसाही. डोळ्यांखाली काळंही आहे. मेकअपचा खर्च वाचला!"

"काहीतरीच काय मास्तर! परीक्षेची जागरणं आहेत ती."

"करतो की मी," मुलगा म्हणाला.

एरवी साधा दिवा बदलायचा तरी हा पोरगा चार दिवस नुसता "हो, हो" करायचा. इतक्या पटकन कसा तयार झाला, याची ताईला भीती वाटायला हवी होती. पण आणखी घाबरायला तिच्यात जागाच नव्हती. तिनं घाईघाईनं कागदावर भाषण खरडलं. आधी वाईट संगत, मग आईचे अश्रू आणि शेवटी समितीचा मदतीचा हात.

मॅडम आल्या आणि दारातल्या सिगारेटखालून वाकून आत शिरल्या.

"मुद्दामच ठेवलीय," अध्यक्ष म्हणाले. "व्यसनापुढे माणसाला कसं वाकावं लागतं, ते दाखवायला."

"वा! कल्पक आहात," मॅडमनी लगेच ते टिपून घेतलं. मास्तरांनी छाती फुगवली.

मुलगा उभा राहिला. वाईट संगतीपर्यंत त्यानं वाचलं, मग कागदाची घडी करून खिशात टाकली.

"गोळ्या मी घरी ठेवायचो नाही. आई कपाट आवरते. इथेच ठेवायचो." त्यानं भिंतीतल्या कपाटाकडे बोट केलं. "नशाविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांमागे. ती कुणी वाटतच नाही. यापेक्षा सेफ जागा नाही."

"काय रंगवतोय पोरगं!" मास्तर अध्यक्षांच्या कानात कुजबुजले.

"सकाळी हात थरथरायचे. आईला सांगायचो, थंडी वाजतेय. ती स्वेटर काढून द्यायची. भर उन्हाळ्यात. वर कपाळाला हात लावून बघायची."

स्वेटर कागदावर नव्हता. स्वेटर घरी होता, खुंटीला.

"आणि आता?" मॅडमनी हळूच विचारलं.

"आता सोडलं," म्हणत त्यानं कान ओढला. लहानपणी काही फोडलं-सांडलं आणि "मी नाही" म्हणाला, की असाच कान ओढायचा.

मॅडमना वाटलं, पोरगा सुटला. समितीला वाटलं, पोरगा नटसम्राटच निघाला. दोघांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच ताई उठली, कपाट उघडलं आणि गठ्ठ्यांमागे हात घातला. आधी धूळ लागली. मग गोळ्यांचं पाकीट. अर्धं रिकामं. पाकिटावर धूळ नव्हती.

"अनुदान नक्की समजा," मॅडम अध्यक्षांना सांगत होत्या. "फक्त हा मुलगा आम्हाला द्या. वर्षभर शाळाशाळांत बोलेल. मानधनही देऊ."

ताईनं मूठ आवळली. गप्प बसलं की सगळं वाचत होतं. केंद्र वाचत होतं, पगार वाचत होता, वर मानधन. आणि पोरगा शाळाशाळांतून "सोडलं" म्हणत हिंडणार होता, खिशात हे घेऊन. कुठल्या तरी शाळेच्या संडासात पडलेला तो तिला दिसला.

"मॅडम, यानं सोडलेलं नाही," ती म्हणाली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "समितीनं याला वाचवलेलंही नाही. हा माझा मुलगा आहे. मला आत्ता कळतंय."

"ताई, नाटक संपलं आता!" अध्यक्ष हसत म्हणाले. मग आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि खिशात गोळी शोधू लागले.

"अनुदानाचं काय करायचं ते करा," ताई म्हणाली. "मला एवढंच सांगा, याला न्यायचं कुठे?"

मास्तरांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मॅडमकडे.

"आमचा निधी व्यसन लागण्याआधीचा असतो हो," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "लागलेल्यांचा विभाग वेगळा."

"कुठे आहे तो?"

"ते... बघावं लागेल."

इतकी वर्षं पोरं वाचवणाऱ्या त्या खोलीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ताईलाही नव्हतं. तिनं मुलाचा हात धरला. तो ओला आणि गार होता.

"आई, तुझी नोकरी..."

"चल म्हटलं ना."

सरकारी दवाखान्यात तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं आणि शेवटी एका बाकावर बसवलं. मुलाला घाम फुटला होता. त्याचे पाय एका जागी राहत नव्हते.

"मला आत जाऊन यायचंय," त्यानं संडासाकडे मान केली.

खिडकीतून पळून गेला तर? खिशात अजून काही असलं तर?

"जा. कडी लावू नकोस."

"आई! लोक आहेत इथे."

"मी आहे ना दारात."

तो आत गेला. दार किलकिलं राहिलं. ताई चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. आतून ओकारीचा आवाज आला, मग नळाचा. नळ थांबला की तिचाही श्वास थांबायचा. एक गृहस्थ घाईघाईनं आला आणि दाराला हात घालू लागला.

"उघडंच आहे की हो."

"थांबा," ती जागची न हलता म्हणाली. "आत माणूस आहे."