मूठभर दाणे आणि गुळाचा खण

मित्रांनो, मी एक जुने सागवानी तबक आहे. मला दोन खण होते, एक शेंगदाण्यांचा आणि एक गुळाचा. धारूरच्या सुताराने मला घडवले आणि निजामाच्या अमदानीत मी पाटोद्याजवळच्या एका गावी, सुंदररावांच्या बैठकीत आले. आल्यागेल्याला गूळ-दाणे माझ्यातूनच मिळत. लोक माझी नक्षी वाखाणत आणि मी फुगून जाई.

पण खुद्द मालकांची मला शिसारी येई. त्यांना मधुमेह जडला होता. मैनुद्दीन हकिमांनी बजावले होते, "रावसाहेब, मूठभर भाजलेले दाणे खुशाल खा, पन गूळ हराम समजा." मालकांनी दाण्यांपुरतेच ऐकले. पाहुण्याला एकट्याने खाऊ देणे म्हणजे घराण्याची बेअब्रू, म्हणून प्रत्येकाच्या सोबतीला ते गुळाचा खडा तोंडात टाकत. चाटलेली, लाळेने बरबटलेली बोटे पुन्हा माझ्यात बुडत. एकदा हकीमसाहेबांनी चार दाणे उचलले, तर त्यांच्याही सोबतीला मालकांनी गूळ खाल्ला! हकिमांनी कपाळावर हात मारला.

पुढे मालकांना चप्पल चावली आणि पायाला जखम झाली. ती चिघळली, पू वाहू लागला. माशा जखमेवरून उठत आणि माझ्या गुळावर बसत. शी! शेवटी पायाचे एक बोट कापावे लागले. "आता ऐकलं न्हाई तर पाय जाईल," हकीम म्हणाले.

मालकीणबाई बायनाबाई आजवर बैठकीत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी करवत मागवली आणि गड्याकडून माझा गुळाचा खण कापून काढला. दुखले, पण खरे सांगू, सुटल्यासारखे वाटले.

दुसऱ्याच दिवशी शेजारचे मोहनराव आले. "वैनी, आज गूळ न्हाई? कावून?"

"भावजी, यांना खायाला सोबत लागती," बायनाबाई म्हणाल्या. "मग सोबत पथ्याला करा. तुमी बी नुसते दाणेच खा."

मोहनराव दाणे चावू लागले. मालकांनीही चार घेतले. मग हळूच त्यांनी माझी कापलेली कड नखाने खरवडली आणि बोट चाटले.

बायनाबाईंनी ते पाहिले. त्यांनी मला उचलून नेले आणि डोळे पुसत राखेने इतके घासले की माझी नक्षीच झिजली.

मित्रांनो, दाण्यांना बोल लावू नका, ते बिचारे भले आहेत. पण घरात असा आजारी असेल, तर आमच्यासारखी भांडी रोज स्वच्छ घासा. हावरट जिभेला लाकडात मुरलेला गूळही पुरतो.