क्वान सेक यांच्या दुकानाची पाटी

लॉस एंजेलिसच्या चिनी वस्तीत क्वान सेक यांचं जडीबुटीच्या औषधांचं दुकान होतं. त्या सोमवारी सकाळी ज्येष्ठमध तोलायचं सोडून त्यांनी दारावरची पाटी उतरवली आणि ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसली. त्यांच्या वडिलांनी स्वतः कुंचला धरून तिच्यावर दुकानाचं नाव लिहिलं होतं: जीव राखणारं घर. सिनेमाच्या स्टुडिओच्या माणसाने ती आठवडाभरासाठी मागितली होती. लेक एडना हिला पहिल्यांदाच बोलायची भूमिका मिळाली होती. त्यात घराण्याची पाटीही पडद्यावर दिसणार, याचं म्हाताऱ्याला कोण कौतुक. पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत बसणार, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगूनही ठेवलं होतं.

एडनाने त्यांना सगळं सांगितलं नव्हतं. चित्रपटातला हुशार गुप्तहेर चिनी होता, पण ते काम करत होते ऑर्डवे नावाचे गोरे नट. रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांचे कोपरे चिकटपट्टीने ताणले जात. मोडकंतोडकं इंग्रजी कसं बोलायचं, ते त्यांना शिकवायचं काम एडनाकडे होतं. ती याच शहरात जन्मली, याच शहरात शिकली. तिचं इंग्रजी ऑर्डव्यांपेक्षा स्वच्छ होतं. तिच्या वाट्याला आली होती ती चहात विष कालवणारी बाई, शेवटी मरणारी. काम हवं तर मूग गिळून गप्प बसायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

गुरुवारी ती सेटवर आली. खुन्यांचा अड्डा उभा केला होता, आणि त्याच्या दारावर आजोबांची पाटी. खाली उंबऱ्यात वस्तीतले लाउकाका प्रेत होऊन पडले होते. आजवर अकरा चित्रपटांत ते प्रेतच झाले होते.

तिने दिग्दर्शक हॅस्केल यांना पाटीवर काय लिहिलंय ते सांगितलं आणि दुसरी लावा म्हणून विनवलं. हॅस्केल वाईट नव्हते, घाईत होते.

"अगं, पण ते वाचणार कोण?"

"माझे बाबा वाचतील."

एका म्हाताऱ्यासाठी सेट बदलत नसतात, असं ते म्हणाले. जागेवर उभी राहा, नाहीतर घरी जा; तुझ्या जागी दहा जणी येतील.

एडनाने शिडी ओढून आणली. वस्तीतली तीसेक माणसं गर्दीच्या कामासाठी तिथे उभी होती, सगळ्यांच्या नजरा जमिनीकडे. हातावर पोट असलेल्यांनी करायचं तरी काय. तेवढ्यात उंबऱ्यातलं प्रेत उठलं आणि त्याने शिडी धरली.

"चढ पोरी," लाउकाका म्हणाले. "मेलेल्या माणसाला कोण कामावरून काढतंय."

ट्राममध्ये पाटी मांडीवर घेऊन ती घरी आली. बाबांनी विचारलं, इतक्यात झालं शूटिंग? तिने सगळं सांगितलं. ते बराच वेळ पाटीवरची सेटची धूळ पुसत राहिले.

"म्हणजे विष घालायला खरी चिनी पाहिजे," ते म्हणाले, "आणि शहाणा माणूस तेवढा खोटा चालतो."

तेव्हा तिला रडू फुटलं. त्यांनी पाटी जागेवर चढवली आणि सरळ बसली का ते तिला बघायला लावलं.

चित्रपट तिच्यावाचून निघाला आणि धो धो चालला. ऑर्डव्यांच्या अकलेला लोकांनी टाळ्या दिल्या. वाचकहो, अंधारात बसून वाजवलेल्या त्या टाळ्यांत आपल्याही होत्या.

दोन महिन्यांनी दुकानातला फोन वाजला. स्टुडिओला पुन्हा एक विष घालणारी हवी होती. एडना म्हणाली, गुप्तहेराचं काम असेल तर मी येते. पलीकडचा माणूस खो खो हसत सुटला. त्याचं हसू संपेपर्यंत तिने रिसीव्हर कानाला धरून ठेवला, आणि मग तेच वाक्य त्याला पुन्हा ऐकवलं.