नथवी

राहीने मुसळ भिंतीला टेकवलं, कपाळाचा घाम पदराने पुसला आणि पुन्हा कान दिला. खालच्या आळीतला बाईजाचा मुलगा देवजी पहाटे हिवतापाने गेला. उन्हं माथ्यावर आली, तरी तिच्या घरातून रडण्याचा आवाज नव्हता.

येणार तरी कुठून? दुःखाच्या घरची बाई आपणहून हेल काढत नाही. गावातली कुणी जाते, गळ्यात हात टाकते, पहिला हुंदका देते. मग घरचीला रडू फुटतं. आज त्या उंबऱ्याशी कुणी गेलंच नव्हतं. गेल्या साली सिद्धगडाच्या रानात लपलेल्या, इंग्रज सरकारविरुद्ध लढणाऱ्या पोरांची वाट देवजीने पोलिसांना दाखवली होती. त्या पोरांना भाकऱ्या पोचवायला गेलेला राहीचा मुलगा जयराम गोळी लागून तिथेच पडला. त्याला घरी आणलं त्या दिवशी बाईजाने दार लावून घेतलं होतं.

राही पाय धुऊन निघाली. शेजारच्या ओट्यावर सकुबाई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"नथवीला चाललीस काय गो? शब्द तुज्या घरचा, म्हणून तूच करायला पायजे असं नाय."

राही थांबली नाही. शब्द तिच्या घरचाच होता. तिचा नवरा नथू जत्रेसाठी नाटकं लिहायचा. दरेक नाटकात राक्षस पडला की त्याची म्हातारी आई येऊन रडायची. पहिल्या वर्षी लोक पोट धरून हसले. राक्षसाला कसली आई? तिसऱ्या वर्षी बायका डोळे पुसू लागल्या. पुढे, ज्याच्यासाठी कुणी रडू नये त्याच्यासाठी कुणी रडलं, की ती नथवी झाली. पोर मेलेल्या सापासाठी रडलं तरी नथवी, सुनेने खाष्ट सासूसाठी नाक ओढलं तरी नथवी. सारा थट्टेचा मामला. एका रामनवमीला मात्र कीर्तनात बुवांनी तो शब्द उचलला. टाळ थांबवून म्हणाले, आपल्या माणसासाठी सगळेच रडतात, बाबांनो. नथवीचं पाणी देवाच्या पायांवर आधी पडतं. नथू तेव्हा खांबाआड मान खाली घालून बसला होता. पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. वह्या वाळवीने खाल्ल्या, शब्द तेवढा उरला.

बाईजा प्रेताच्या उशाशी बसली होती, डोळे कोरडे. राहीला पाहताच तिने देवजीच्या तोंडावर फडकं ओढलं आणि वर आपला हात आडवा धरला, कुणी मारायला आल्यासारखा.

"तू कशाला आलीस?"

हात टाकावा, एक हुंदका द्यावा, निघावं, एवढंच राही वाटेत ठरवून आली होती. ती बसली. बाईजाच्या गळ्यात हात टाकला. हुंदका येईना.

"माज्या डोळ्यांत पाणी नाय गो," ती शेवटी म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण तू रड."

बाईजाने तिच्या खांद्यावर कपाळ टेकलं. किती तरी वेळ तिचं नुसतं अंग हलत राहिलं. मग तिने हेल काढला, वरच्या आळीपर्यंत ऐकू जाईल असा, आणि पहिलं नाव घेतलं ते जयरामचं.